जोडे शे

आमच्या विसरवाडीच्या फुवांना ऐकू येत नाही असं जो म्हणतो त्याला फुवा कळलेच नाहीत, हे मी कुठल्याही बैठकीत उभं राहून सांगायला तयार आहे. एकदा लग्नाच्या पंगतीत सांगितलंही. तेव्हा शेजारची बाई जिलबी हातात धरून माझ्याकडे बघत राहिली, आणि मग मला कळलं की मघाशी फुवांना 'ठार बहिरा डोकरा' म्हणणारी तीच होती. बरं झालं. फुवा म्हणजे माझ्या आत्याचे, आमच्या फुईचे यजमान. खानदेशाबाहेर हा शब्द फारसा कोणाला ठाऊक नसतो म्हणून सांगून टाकते. विसरवाडीला महामार्गावर बस थांबते, तिथून आत वळलं की त्यांची पिठाची गिरणी लागते, आणि गिरणीला लागूनच घर. जन्मभर ते गिरणीच्या पट्ट्याशेजारी उभे राहिले आणि त्या घरघरीत त्यांचे कान हळूहळू गेले. "मन्हा कान गिरनीनी दळी टाकात," असं ते स्वतःच सांगतात, आणि सांगताना त्यांच्या तोंडावर अशी काही ऐट असते की ऐकणाऱ्याला आपले कान शाबूत असल्याची थोडी लाजच वाटावी.

त्यांच्या मुलानं, म्हणजे माझ्या आतेभावानं, त्यांना नंदुरबारच्या डॉक्टरकडे नेलं. हा आमचा दादा सरळ माणूस. शर्ट खोचलेला, तालुक्याला ऑफिसात नोकरी, आणि चार लोकांत आपलं नाव खाली जाऊ नये ही एकच काळजी. डॉक्टरनं कान तपासले आणि कानात घालायचं मशीन दाखवलं. फुवांनी ते हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं आणि टेबलावर परत ठेवलं. "मशीन डोकरासले," ते म्हणाले, म्हणजे म्हाताऱ्यांना. सत्तरी कधीच ओलांडलेला माणूस हे म्हणतोय हे ऐकून डॉक्टरांना हसू आवरेना, आणि दादाला रडू. परतीच्या बसमध्ये दादा सगळ्या वाटेनं समजावत होता आणि फुवा खिडकीबाहेर बघत होते. ऐकू न येण्याचा हा फायदा त्यांनी कधी सोडला नाही.

तोडगा काढला तो हर्षालीनं. हर्षाली ही दादाची मुलगी, फुवांची नात. पशुसंवर्धनाचं शिकली आणि नवापूरच्या एका पोल्ट्रीवर सुपरवायझर म्हणून लागली. रोज सकाळी स्कुटी काढायची, कोंबड्यांची तब्येत पाहायची, लशी टोचायच्या, संध्याकाळी परत. घरात तिला सगळे 'कोंबड्यांची डॉक्टरीण' म्हणत, आणि त्यात जितकी थट्टा होती तितकाच अभिमानही. पहिल्या पगारातून तिनं आजोबांसाठी कानात घालायचे ते बिनदोरीचे इअरबड आणले. पांढरे, गुळगुळीत, आणि झाकणाच्या डबीत झोपलेले. फुवांनी डबी उघडली, एक उचलून उन्हात धरला आणि म्हणाले, "हाई तं कपाशीनं बोंड शे." त्या दिवसापासून आमच्या घरात त्यांना बोंडं हेच नाव पडलं. फुवांना ती आवडण्याचं कारण मात्र वेगळं होतं. बसस्टँडवरची कॉलेजची पोरं हीच कानात घालून उभी असतात हे त्यांनी पाहून ठेवलं होतं. तेव्हा मशीन डोकऱ्यांचं आणि बोंडं जवानांची, असा त्यांनी कायमचा निकाल देऊन टाकला.

बोंडं फोनला जोडायचा कार्यक्रम ओसरीत झाला तेव्हा मी तिथेच होते. हर्षाली म्हणाली, आप्पा, आधी यांचं पेअरिंग करावं लागतं, एकदा दोघांची ओळख झाली की मग रोज आपोआप जुळतं. फुवांना हे एका क्षणात समजलं. "म्हंजे सोयरीक," ते म्हणाले. त्यांनी लगेच पाट मांडायला लावला, पाटावर एका बाजूला फोन ठेवला, दुसऱ्या बाजूला डबी, आणि फुईला हळदीकुंकू आणायला सांगितलं. फुई कधी त्यांचं निमूट ऐकेल तर ती फुई कसली. दारातूनच म्हणाली, "नवरदेव एक आनि नवऱ्या दोन? हाई कसं लगीन?" फुवांना हे ऐकू आलं नाही, किंवा आलं असेल. हर्षालीनं बोंडं त्यांच्या कानात बसवली, फोनवर बोट दाबलं, आणि फुवा एकदम ताठ झाले. बोंडांच्या आतून एक बाई इंग्रजीत काहीतरी म्हणाली होती. जोडणी झाली की ती एवढा एकच शब्द बोलते, कनेक्टेड.

"काय म्हननी ती?" फुवांनी विचारलं. हर्षालीनं अहिराणीत सांगितलं, "जोडे शे म्हननी, आप्पा."

हे जरा उलगडून सांगायला हवं, नाहीतर घाटावरच्या लोकांना वाटायचं आम्ही पायातल्या जोड्यांबद्दल बोलतोय. आमच्याकडे जवळ असण्याला जोडे म्हणतात. माझ्याजवळ म्हणजे 'मन्हा जोडे'. लेक माहेरी आली की ती आईच्या जोडे असते, पैसे खिशात असले की ते आपल्या जोडे असतात. तेव्हा पोरीनं शब्द अगदी नेमका बसवला होता, आणि फुवांना तो इतका आवडला की पुढचे काही दिवस ते नुसते डबी उघडायचे, बोंडं कानात घालायचे, बाईचा शब्द ऐकायचे, "जोडे शे" असं सगळ्या घराला जाहीर करायचे आणि बोंडं परत डबीत ठेवायचे. फुई वैतागून म्हणायची, "कोन बाई बोलस रोज तुमना कानमा?" आणि एकदा तर खरंच वाकून त्यांच्या कानात पाहिलं.

फोनच्या पोटात एक सोय असते. ती चालू केली की फोन स्वतःच कान होतो, समोरच्याचं बोलणं उचलतो आणि मोठं करून बोंडांत सोडतो. हर्षालीनं ती लावून दिली आणि फुईनं फोनसाठी खणाची पिशवी शिवून दिली, गळ्यात अडकवायला. मग काय, गिरणीत दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येक बाईला फुवा छातीवर बोट ठेवून सांगू लागले, "आठे बोल वं माय. मन्हा कान आठे शेत." बाया आधी लाजायच्या. परक्या पुरुषाच्या छातीशी वाकून 'दादर शे, बारीक दळा' असं कसं म्हणायचं, दादर म्हणजे आमच्याकडची ज्वारी? मग फुवा पिशवी गळ्यातून काढून त्यांच्या हातात द्यायचे आणि स्वतः पट्ट्यापाशी जाऊन उभे राहायचे. बाई ओट्यावरून फोनमध्ये बोलायची, फुवा आतून मोठ्यानं उत्तर द्यायचे. दळण व्हायचं, आणि दळणाबरोबर सासू, नणंद, आजारी म्हैस असं सगळंच फुवांच्या कानात ओतलं जायचं. एकदा उजवं बोंड निसटून कोणाच्या तरी पिठाच्या थैलीत पडलं. संध्याकाळी ती बाई परातीसकट आली आणि म्हणाली, "आप्पा, हाऊ तुमना कान का? मन्ही दादरना पीठमा निंघना." फुवांनी बोंड धोतराला पुसलं, कानात घातलं आणि त्या बाईचं पुढचं दळण आधी काढून दिलं.

आता त्यांच्या हट्टाबद्दल. फोनमध्ये ज्या ज्या वस्तूशी एकदा जोडणी झाली तिचं नाव राहतं, आणि नको असेल तर त्या नावापुढे 'विसरा' असं लिहिलेलं असतं. ते दाबलं की फोन ती ओळख विसरतो. फुवांनी ते कधी दाबलं नाही. दाबू दिलं नाही. "विसरा? काबर विसरा?" ते म्हणायचे. "मी विसरवाडीमा ऱ्हास, पन इसरनारा मानूस नही. एकदाव सोयरीक व्हयनी का व्हयनी." त्यामुळे झालं काय, की न्हाव्याच्या दुकानातला टीव्ही, भाच्याच्या ट्रॅक्टरवरचा टेप, भजनी मंडळाचा स्पीकर, ज्याच्या ज्याच्याशी कधी हौसेनं सोयरीक केली ते सगळे व्याही फुवांच्या फोनमध्ये कायमचे बसले. न्हाव्याकडे दाढी करताना त्यांच्या फोनवरचं कीर्तन टीव्हीतून निघायचं आणि समोर पडद्यावर क्रिकेट चालू असायचं. न्हावी बिचारा काही बोलायचा नाही, कारण वस्तरा त्याच्या हातात असला तरी दुकानाची जागा फुवांची होती.

भजनी मंडळाचा किस्सा तर विसरवाडीत अजून सांगतात. मारुतीच्या देवळात भजन रंगलं होतं. फुवा खांबाला टेकून, डोळे मिटून बसलेले. बोंडं डबीत होती, म्हणून फोन मुकाट्यानं जुन्या व्याह्याला, म्हणजे मंडळाच्या स्पीकरला, जाऊन चिकटला. तेवढ्यात फुईचा फोन आला, छातीवरची पिशवी थरथरली आणि फुवांनी तो सवयीनं उचलला. दोन अभंगांच्या मधल्या शांततेत साऱ्या देवळात फुईचा आवाज घुमला, "ओ, ऐकतस का? येतांना कोथमीर लई या. आनि मांगला बुधवारसारखा भजनमा घोरू नका!" मृदंगवाला मृदंगावर पडून हसला. फुवांना एवढा मोठा आवाज मात्र स्वच्छ ऐकू आला. ते उठले, स्पीकरकडे तोंड करून "लयस", म्हणजे आणतो, म्हणाले आणि पुन्हा डोळे मिटून बसले. दुसऱ्या दिवशी दादानं हात जोडून विनवलं की निदान त्या स्पीकरचं तरी 'विसरा' दाबा. त्यांनी दाबलं नाही. कोथिंबीर मात्र आणली होती.

या सगळ्या सोयरिकींत एक जोडणी त्यांना सगळ्यांत प्यारी होती, आणि तिच्यासाठीच मी हे सगळं सांगत बसले आहे. रोज सकाळी हर्षाली निघण्याआधी फुवा आपला फोन फाटकाच्या खांबावर ठेवायचे आणि स्वतः गिरणीत जाऊन पट्ट्यापाशी उभे राहायचे. हर्षाली स्कुटी फाटकाशी आणायची, खांबापाशी वाकायची आणि फोनमध्ये म्हणायची, "आप्पा, मी येस." आपल्याकडे जाताना जाते म्हणत नाहीत, येते म्हणतात, अहिराणीतही तसंच. गिरणीत पिठानं पांढरे झालेले फुवा त्यावर मोठ्यानं "ये, ये" म्हणायचे. ओट्यावरच्या नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं आपल्यालाच बोलावलं, ते उठून आत यायचं. मग फुवांच्या कानात स्कुटी चालू झाल्याचा आवाज, ती कोपऱ्यावर वळल्याचा आवाज, आणि मग नुसता हायवे. हायवे ऐकू आला की फुवा पट्टा चढवून दळायला सुरुवात करायचे. त्याआधी कितीही घाई असो, जातं हलायचं नाही. एका बाईनं कुरकुर केली तर म्हणाले, "पोर निंघू दे, मंग दळसू."

हर्षालीला स्थळं येऊ लागली. त्यातलं एक तापीकाठचं, चांगली बागायती शेती, घर मोठं, माणसं खात्यापित्याची. दादाच्या मनात ते भरलं. फुवा फक्त एवढंच विचारायचे, पोर नोकरी करील का? मधल्या माणसानं सांगितलं, करेल, त्यांना अभिमानच आहे. बैठक ठरली. दादानं आदल्या दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं, फुवांना बैठकीत बसवू नकोस, काहीतरी भलतंच ऐकतील आणि भलतंच बोलतील. मी म्हटलं, नातीच्या सोयरिकीत आजा बसणार नाही तर कोण बसणार? दादा माझ्यावर चिडला. मीही चिडले. शेवटी फुवा बसले. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी, आणि कानात दोन्ही बोंडं. फोन त्यांनी पाहुण्यांच्या समोर टीपॉयवर ठेवला होता, एक शब्द सुटू नये म्हणून.

मुलाचा काका बोलका होता. इस्त्रीचा सदरा, बोटात अंगठी, आणि बैठकीपुरती शाळेतली मराठी. "आम्ही सुधारलेल्या विचारांची माणसं आहोत," तो म्हणाला. "मुलीने अवश्य नोकरी करावी. आमची काहीच हरकत नाही." दादाचं तोंड खुललं. मुलगा मान खाली घालून बसला होता, तसा दिसायला चांगला होता. मग फुई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. टीपॉयवर जागा नव्हती. तिनं तिथला फोन उचलला, आतल्या खोलीत नेऊन कोनाड्यात ठेवला, आणि ट्रे मांडला. कोणाचं लक्षही गेलं नाही. चहा झाल्यावर काका म्हणाला, आम्ही जरा बाजूला जाऊन बोलून घेतो. ही रीतच आहे. पाहुण्यांना आतल्या खोलीत बसवलं, दार लोटलं. आत काका, मुलगा आणि मुलाची आई. बाहेर ओसरीत आम्ही सगळे पाय हलवत बसलो, कोणी पावसापाण्याचं बोलत होतं. फुवा मात्र अगदी स्थिर बसले होते, आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलत होता. मला वाटलं, त्यांना बरं वाटत नाहीये.

एकाएकी ते उठून उभे राहिले. "चावी कोना जोडे ऱ्हाई?" त्यांनी विचारलं.

दादानं त्यांचा हात धरला. "आप्पा, बठा. चावीनं कोनी काढं नही."

"काढं," फुवा म्हणाले. "मन्हा कानमा काढं."

इतक्यात दार उघडून पाहुणे हसत हसत बाहेर आले. काकानं हात जोडले आणि पुन्हा शाळेतल्या मराठीत म्हणाला, "आमच्याकडून होकार समजा." फुवा त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. आणि मग गिरणीवर ओरडायची सवय असलेल्या त्या आवाजात त्यांनी त्याचीच अहिराणी त्याला परत ऐकवली, एकही शब्द न बदलता. "'एकदाव लगीन व्हऊ द्या. मंग गाडीनी चावी आपला जोडे ठेवानी. कोंबड्यासमांगे फिरनारी सून आमले नही पायजे.' कोन बोलनं हाई?"

काकाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता, पण माणूस मुरलेला. तो आमच्याकडे वळून हसला आणि म्हणाला, "म्हाताऱ्या माणसाला काहीही ऐकू येतं." आमच्यातलेही दोघं-तिघं हसले, आणि ते मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. दादा काकाची समजूत घालायला पुढे झाला. तेव्हा फुई आत गेली आणि फोन हातात घेऊन बाहेर आली. जन्मभर ज्या नवऱ्याला तिनं कधी धड बोलू दिलं नाही त्याच्याशेजारी ती उभी राहिली आणि म्हणाली, "फोन कोनाडामा व्हता. मीच ठेवेल व्हता. त्यासले बराबर ऐकू उनं."

आता काकाला शाळेतली मराठी आठवेना. "म्हंजे चोरीसन ऐकतस का आमनं?" तो ओरडला. दादा घामाघूम झाला. पाहुण्यांपुढे हात जोडून त्यानं आधी माफी मागितली आणि मग वळून बापाला म्हणाला, "आप्पा, माफी मांगा." मला वाटतं, त्या ओसरीत फुवांच्या बाजूनं त्या क्षणी फक्त फुई आणि मी होतो. फुवांनी टोपी नीट केली.

"माफी?" ते म्हणाले. "घर मन्हं, फोन मन्हा, कान मन्हा. त्यासनी मन्हा कानमा येईसन बोलं, मी का करू? आनि काका बोलना ते जाऊ दे. तो पोऱ्या आत बठेल व्हता आनि चूप बठना. ते चूप बठनं बी माले ऐकू उनं."

स्वयंपाकघराच्या दारातून हर्षाली बाहेर आली. साडी नेसलेली होती, पदर खोचलेला. ती काकाकडे गेली नाही, बापाकडे गेली नाही. मुलासमोर उभी राहिली आणि साध्या आवाजात विचारलं, "चावी मन्हा जोडे ऱ्हाई का?" मुलानं तोंड उघडलं. आणि उत्तर देण्याआधी त्यानं काकाकडे पाहिलं. तेवढंच. हर्षाली "बरं" म्हणाली, टीपॉयवरच्या कपबशा ट्रेमध्ये गोळा केल्या आणि आत निघून गेली. सोयरीक तिथे मोडली. लोक म्हणतात फुवांनी मोडली. मोडली असेल तर मला त्याचा आनंद आहे, आणि तो मी लपवत नाही.

पुढचे दिवस वाईट गेले, ते सांगायलाच हवं. नातेवाइकांत बोभाटा झाला. पाहुण्यांना घरात बसवून त्यांचं बोलणं ऐकणारं घर, असं नाव पडलं. दादानं बापाशी बोलणं टाकलं. टाकण्याआधी एवढंच म्हणाला की ती बोंडं फेकून द्या, फोनमधून त्यांचं 'विसरा' दाबा आणि डॉक्टरकडचं मशीन लावा, नाहीतर माझ्याशी संबंध नाही. फुवांनी फोन त्याच्यापुढे धरला आणि म्हणाले, तूच दाब. दादानं दाबलं नाही. तो आत गेला आणि दार आपटलं. मग फुवा ज्या ज्या लग्नाला, बारशाला, दहाव्याला गेले तिथे दोन्ही बोंडं कानात आणि फोन छातीवर. गावात एका बहिऱ्या माणसासमोर लोक हळू आवाजात बोलायला लागले. कोणी तोंडावर विचारलं, आप्पा, आज कोणाचं ऐकताय? तर फुवा म्हणायचे, "तुन्हं. बोल." आणि तो माणूस निमूट पुढे सरकायचा.

सकाळी मात्र सगळं पूर्वीसारखंच होतं. फोन खांबावर, हर्षालीचं "आप्पा, मी येस", गिरणीतलं "ये, ये". पण एका सकाळी हर्षाली गेल्यावर दादा फाटकात थोडा वेळ उभा राहिला. मग इकडेतिकडे पाहून तो खांबाशी वाकला आणि फोनमध्ये म्हणाला, "आप्पा, च्या पेवाले या." गिरणीत फुवांनी पट्टा उतरवला. अर्धं दळण तसंच ठेवून ते चहाला आले. फुई सांगते, फुवांनी दुसरा कप मागितला आणि तो दादानं स्वतः आणून दिला.

हर्षाली आता धानोऱ्याला असते. परीक्षा देऊन सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात लागली, तिथेच खोली घेतली आहे. स्कुटी घेऊन गेली. दर सुट्टीला येते, येताना कोणाच्या तरी गाईच्या गोष्टी घेऊन येते, आणि लग्नाचं विचारलं की म्हणते, बघू. जायच्या दिवशी फुवांनी तिच्या पिशवीत पीठ भरून दिलं, स्वतः दळलेलं, आणि तोंडानं एवढंच म्हणाले की तिथली गिरणी जाड दळते. त्यानंतर त्यांचे कान आणखी उतरले. आता बोंडांतही शब्द पुसट येतात, आवाज कितीही वाढवला तरी. डॉक्टर म्हणतात मशीन. फुवा म्हणतात, डोकरासले.

परवा मी विसरवाडीला मुक्कामाला होते. सकाळी उठून बाहेर आले तर फुवा फाटकाशी उभे, फोन खांबावर ठेवत होते. मग ते आत आले आणि गिरणीच्या ओट्यावर बसले. पट्टा चढवला नव्हता. दोन बाया दळण घेऊन बसल्या होत्या, त्याही बोलत नव्हत्या. त्यांना सवय असावी. मी शेजारी बसून मोठ्यानं विचारलं, "काय ऐकतस, फुवा? हर्षाली तं धानोराले शे."

"माले माहीत शे ना," ते म्हणाले. "मी काय इसरी गऊ का? गाडीनी चावी तिना जोडे शे." मग त्यांनी उजवं बोंड काढलं, धोतराला पुसलं, डबीत ठेवून परत काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं. मी ते कानात घातलं. आतली बाई आपला तो एकच इंग्रजी शब्द बोलली. त्यामागे एक ट्रक गेला, बसचा हॉर्न वाजला, खांबावरच्या फोनवरून वारा गेला. बाकी काही नव्हतं.

फुवा माझ्या तोंडाकडे बघत होते. "काय म्हननी ती?" त्यांनी विचारलं. मला आधी कळेना ते कोणाबद्दल विचारतायत. मग कळलं. ती बाई आता त्यांना ऐकू येत नव्हती.

"जोडे शे म्हननी, फुवा," मी त्यांच्या कानाशी वाकून, जमेल तेवढ्या मोठ्यानं सांगितलं.

फुवांनी मान डोलावली. "ये, ये," ते फाटकाकडे पाहत म्हणाले, आणि पट्टा चढवायला उठले.